पट्टीवरचा नमस्कार

लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पायसमची पळी पानावर वाकवली आणि कोणी हाक मारली म्हणून तशीच उचलून तो पुढे निघाला, की सेतुराव बसल्या जागेवरून बोट रोखून ओरडतात, "बॉक!" लगेच दंडही सांगतात. रांगेतल्या प्रत्येकाला एकेक पळी जास्त. एका लग्नात तो वसूलही झाला.

तंजावुरातल्या आमच्या गल्लीला आता सवय झाली आहे. इंडिकेटर देऊन न वळणारा ऑटोवाला, बॉक. "निघते हं" म्हणून चप्पल घालून फाटकाशी अर्धा तास बोलत उभी राहणारी मी, एका संध्याकाळी दोनदा बॉक.

सेतुराव आमचे शेजारी. कॉलेजातून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, वय एकोणसत्तर, घरात एकटे. मुलींना बेसबॉल शिकवतात आणि दुसरं कोणी नियम वाचलेलं नसल्यामुळे सामन्यात अंपायरही तेच. मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात. माझ्या किराण्याच्या, औषधांच्या, वाढदिवसांच्या याद्या बघून त्यांनी मला स्कोअरर केलं. "सुंदराबाई, खेळ कळायची गरज नाही. लिहा फक्त."

पण बॉक कळल्याशिवाय सेतुरावांच्या हातून सुटका नाही. तो असा. चेंडू टाकणारी मुलगी, म्हणजे पिचर, एका रबरी पट्टीवर पाय ठेवून उभी राहते. बेसवर धावणारी कोणी असेल, तर तिने दोन्ही हात एकत्र आणून पूर्ण थांबायचं. त्यानंतर वाटा तीनच. बॅटरला चेंडू टाकायचा, नाहीतर बेसकडे सरळ पाऊल टाकून तिकडे फेकायचा, नाहीतर पट्टीवरून मागे उतरायचं. चौथं काही केलं, पहिल्या बेसकडे फेकण्याची नुसती हूल दिली किंवा जोडलेले हात उगाच सोडले, तर बॉक. मग धावणाऱ्या सगळ्या एकेक बेस फुकट पुढे.

त्यांची सगळ्यात चांगली पिचर म्हणजे पापनाशमची सेल्वी. तिला एकच खोड. हातात घेतलेली वस्तू सामीला, म्हणजे देवाला, नमस्कार म्हणून डोळ्यांना लावायची. पुस्तक, प्रसाद, बसचा पास, आणि चेंडू. सेतुरावांनी शंभरदा बजावलं होतं, "सामीला नमस्कार पट्टीच्या मागे उभं राहून करायचा, अम्मा. पट्टीवर पाय पडला की सामीलासुद्धा थांबावं लागतं."

अंतिम सामन्याला विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे येऊन बसले होते. शेवटचा डाव, गुण बरोबरीत, समोरच्यांची मुलगी तिसऱ्या बेसवर. सेल्वीने हात जोडले, थांबली. आणि भीतीने असेल, चेंडू उचलून हळूच दोन्ही डोळ्यांना लावला.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. समोरचे प्रशिक्षक पाणी पीत होते. सेतुरावांनी बोट रोखलं.

"सामीला नमस्कार केला, सार!"

"पाहिलं. बॉक."

तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत शेवटच्या बेसवर आली, त्यांचा गुण झाला, सामना संपला. निवड दुसऱ्या मुलींची झाली. सेल्वी सरावाला यायची बंद झाली, फोनही उचलेना. सेतुरावांना मी विचारलं, तर म्हणाले, "लिहिलंत ना? मग झालं."

पण मग रविवारी सकाळी त्यांच्या फाटकाला कुलूप दिसू लागलं. सलग चार रविवार. पाचव्या रविवारी मी सात वाजता बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. सेतुराव खांद्याला ग्लोव्हची पिशवी लावून आले, मला पाहून दचकले आणि म्हणाले, "बरं झालं. पहिल्या बेसला माणूस नव्हता."

पापनाशमला सेल्वीच्या आईने आम्हाला ओट्यावर कॉफी दिली. "आत आहे. येणार नाही म्हणते. चार आठवडे सार इथे एकटेच खेळतात हो. शेजारी विचारतात, बरे आहेत ना?"

अंगणातला नारळ म्हणजे पहिला बेस. त्याच्याशी मला ग्लोव्ह घालून उभं केलं. समोर पट्टीच्या जागी एक वीट मांडली, विटेवर चेंडू ठेवला, आणि वेष्टी गुडघ्यापर्यंत वर खोचून सेतुराव नारळापासून दोन पावलं पुढे सरकले. "रनर निघालाय!" ते दाराकडे बघून ओरडले. "पिचर झोपली आहे का?"

दार हललं नाही. आणखी दोन पावलं. "आता तर सुंदराबाईसुद्धा मला आउट करतील!"

सेल्वी बाहेर आली. कोणाकडे न बघता चेंडू उचलला, विटेच्या मागे उभी राहिली, डोळ्यांना लावला. मग विटेवर पाय. हात एकत्र. थांबली. इतकी थांबली की मला कावळे ऐकू आले. मग पाऊल सरळ माझ्याकडे पडलं आणि चेंडू ग्लोव्हवर असा आदळला की हात कोपरापर्यंत झिणझिणला. सेतुराव वळले, परतायला निघाले, आणि ते नारळाशी पोचायच्या आत मी चेंडू त्यांच्या खांद्याला लावला.

"आउट, सार!" सेल्वी हसत ओरडली. "मंगळवारी किती वाजता यायचं?"

"सहा. पाच मिनिटं आधी."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. "सेतुराव, तुम्ही पोचला असता. मुद्दाम पाय आखडता घेतलात. ही हूल नाही का?"



"हूल पिचरला मना आहे," ते म्हणाले. "रनरला नाही."