मापो तोफू

चेनसाहेबांनी पंपात सतरावा दोष काढला, तेव्हा रत्नाकर पेंढरकरने हातातला पाना खाली ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःच्याच मुलाच्या मुंजीतून स्वतःचं नाव वजा केलं.

पंप तसा बरा होता. दम्मामच्या त्या कारखान्यात तो पंधरा दिवस न कुरकुरता पाणी ओढत होता. पण तो बनवणाऱ्या चिनी कंपनीचा माणूस म्हणून आलेल्या चेनसाहेबांची सही झाल्याशिवाय काम पुरं झालं असं कागदावर म्हणता येत नव्हतं, आणि काम पुरं झाल्याशिवाय रत्नाकरला रजा नव्हती. त्याचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, कपाटात होता आणि त्या कपाटाची किल्ली पर्सोनेलच्या अण्णासाहेबांच्या खिशात. आखातातली लढाई सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच त्याची बायको मंजिरी मुलांना, अमोघला आणि रेवाला, घेऊन नाशिकला गेली होती. जाताना तिने एवढंच बजावलं होतं, की मुंजीला बाप हवा, बाकीचं मी बघते. फाल्गुनातला मुहूर्त आता तीन आठवड्यांवर आला होता.

चेनसाहेब मूळचे सज्जन होते. आले तेव्हा हसायचे, फोरमनला सिगारेट द्यायचे. पण गेस्ट हाउसचा आचारी विमानं बंद व्हायच्या आत पळाला आणि साहेब डबाबंद राजमा व बिस्किटांवर आले. तेव्हापासून ते दोष काढायला लागले. राजम्याच्या दिवशी दोन, बिस्किटांच्या दिवशी तीन. रत्नाकरने डायरीत तारखा ताडून पाहिल्या आणि दोष पंपात नसून पोटात आहे, असं निदान केलं.

त्याने साहेबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, काय खावंसं वाटतं. चेनसाहेबांनी हल्ल्याच्या भीतीने चिकटपट्ट्या मारलेल्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मापो तोफू." ते सिचुआन प्रांतातले होते. त्यांनी कागदावर वाडगा काढला, त्यात चौकोनी तुकडे काढले, तिखट म्हणून ज्वाळा काढल्या. शेवटी जीभ बाहेर काढून तिच्यावर बोटांनी मुंग्या चालवून दाखवल्या. सोयाबीनच्या दुधाचं पनीर, एवढं रत्नाकरला कळलं. मुंग्यांचं काही कळलं नाही.

अडला नारायण, दुसरं काय. पुढचे चार दिवस काम सुटलं की रत्नाकर चेनसाहेबांना गाडीत घालून सिचुआनी हॉटेल शोधत फिरला. गॅस मास्कच्या दोन पिशव्या मागच्या सीटवर असत. अल-खोबरमधल्या पहिल्या चिनी हॉटेलला कुलूप होतं, मालक जेद्दाला गेला होता. दुसऱ्यापुढे अमेरिकन सैनिकांची रांग होती आणि त्यांच्या आवडीप्रमाणे आत फक्त तळलेली कोंबडी मिळत होती. तिसऱ्याच्या पाटीवर चक्क 'शेझवान', म्हणजे सिचुआनच, लिहिलेलं होतं. रत्नाकरला वाटलं, आपण जिंकलो. आचारी मंगळूरचा निघाला. त्याने टोमॅटो सॉसमध्ये लाल मिरची आणि साखर कालवून जे पुढे ठेवलं, त्याचा एक घास घेऊन चेनसाहेबांनी विचारलं, हे कुठल्या देशाचं अन्न आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपात चार दोष काढले.

तेव्हा रत्नाकरला हुसेनमियाँ आठवले. श्रीवर्धनचे हुसेनमियाँ खोबरमध्ये किराण्याचं दुकान चालवायचे. शहरात कुठे काय मिळतं हे नगरपालिकेला माहीत नसलं तरी त्यांना माहीत असे. रत्नाकरने फोन लावला. लाइनीवर कढईत काहीतरी तळल्यासारखी खरखर होती.

"हुसेनमियाँ, मापो तोफू पाहिजे. शहरात कुठं सापडेल?"

हुसेनमियाँनी रिसीव्हर कानाला घट्ट लावला.

"काय मापो म्हणालात, साहेब?"

"तोफू. मापो तोफू. आमच्या चिनी साहेबासाठी. त्याशिवाय त्याचं डोकं ठिकाणावर येत नाही. कुणाला विचारलं तर कळेल का?"

"साहेब," हुसेनमियाँ हळू आवाजात म्हणाले, "मला यातलं काय एक माहीत नाय. फोन ठेवतो. लहान पोरं आहेत माझी."

हुसेनमियाँनी फोन ठेवला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही असं ठरवून फक्त पुतण्याला, नौशादला सांगितली. पेंढरकरसाहेब चिन्याला बरोबर घेऊन तोफा मापत फिरतायत, सापडत नाहीत म्हणून आपल्यालाच विचारत होते. नौशादनेही ती कुणालाच सांगितली नाही, एका पिकअपमधले सहा जण सोडून. दोन दिवसांत श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतचं सगळं खोबर रत्नाकरकडे निराळ्या नजरेने बघू लागलं. त्याच्या खिशात कायम मोजमापाचा व्हर्नियर असतो, हेही आता लोकांना आठवलं. न्हाव्याने अदबीने विचारलं, "साहेब, अजून किती राहिल्या?" रत्नाकरला वाटलं तो पंपाच्या चाचण्या विचारतोय. तो म्हणाला, "थोड्याच राहिल्यात. पण हा चिनी सोडेल तर ना." न्हाव्याने हजामतीचा हात क्षणभर थांबवला.

बातमी अण्णासाहेबांच्या कानी पोचायला आठवडा लागला. पुण्याच्या अण्णासाहेबांना तोफांचं काही नव्हतं. त्यांना वेगळीच काळजी लागली.

"पेंढरकर, एका कफीलच्या इकाम्याच्या परवान्यावर दुसरीकडे काम करता येत नाही. सैन्याचं असलं तरी."

रत्नाकरने खूप सांगितलं, की ती तोफ नाही, खायचा पदार्थ आहे. अण्णासाहेबांनी तीस वर्षांच्या नोकरीत बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या, पण ही नवीन होती. ते म्हणाले, बुधवारपर्यंत चेनची सही आणा, म्हणजे तुम्ही आमचंच काम करत होता हे सिद्ध होईल. नाहीतर पासपोर्ट कपाटातच राहील. त्या दिवशी शनिवार होता. रत्नाकरला खरोखर रडू आलं. अमोघ मुंडावळ्या बांधून बसलाय आणि शेजारी आपल्याऐवजी मेहुणा बसलाय, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तो चेनसाहेबांना घेऊन तडक हुसेनमियाँच्या घरी गेला. दार त्यांच्या बायकोने, शरफुन्निसाने उघडलं. हुसेनमियाँ चिन्याला पाहून आतल्या खोलीत गेले आणि खुलाशाला अर्धा तास लागला. चेनसाहेबांनी पुन्हा वाडगा काढला, तुकडे काढले, जीभ बाहेर काढून बोटांच्या मुंग्या चालवल्या. हुसेनमियाँना त्यात तोफेचे गोळेच दिसत होते. शरफुन्निसा मात्र जवळ येऊन बघत राहिली.

"अवो, हे तर तिरफळ," ती म्हणाली. "बांगड्याच्या सारात घालतो ते, जिभेला मुंग्या आणतं. याला तिरफळ पाहिजे, आन् तुम्ही गावभर तोफा काय शोधताव?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. श्रीवर्धनहून आणलेली तिरफळाची बरणी तिच्या फडताळात तीन वर्षं होती. तिने दूध फाडून पनीर केलं, खिमा परतला, मिरचीचं तेल सोडलं आणि तिरफळं ठेचून घातली. चेनसाहेबांनी पहिला घास घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला, मग डोळ्यांत पाणी आलं.

"मा," ते म्हणाले. आणखी एक घास घेतला. "मा. मा."

मा म्हणजे त्यांच्या भाषेत जिभेला येणाऱ्या मुंग्या. शरफुन्निसाला हे कुणी सांगितलं नाही. ती त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होती, पण तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, परक्या मुलखात आईची आठवण येते बिचाऱ्याला, रोज जेवायला आणत जा.

रविवारी चेनसाहेब शीळ घालत आले आणि त्यांनी पंपात पाच दोष काढले. सोमवारी हसत हसत सहा. मंगळवारी रत्नाकरच्या डोक्यात प्रकाश पडला. काम संपलं की साहेबांना मायदेशी जावं लागणार होतं. मायदेशी त्यांचं जेवण कारखान्याच्या खानावळीत होतं, आणि खानावळ कशी आहे ते त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं होतं. आधी पोट रिकामं म्हणून दोष निघत होते, आता भरलेलं म्हणून. रत्नाकर शरफुन्निसापुढे अक्षरशः हात जोडून बसला.

"मला मा म्हणतो ना तो?" ती म्हणाली. "मग आईचं ऐकंल."

बुधवारी दुपारी तिने वाढलंच नाही. चेनसाहेबांपुढे रिकामी ताटली ठेवली, तिच्या एका बाजूला पंपाचा कागद आणि दुसऱ्या बाजूला तिरफळाची अख्खी बरणी. आधी कागदाकडे बोट दाखवलं, मग बरणीकडे, मग चेनसाहेबांच्या पिशवीकडे. चेनसाहेबांनी बरणी उघडून वास घेतला आणि पेन काढलं. मग तिने वाढलं.

अण्णासाहेबांनी किल्ली फिरवली. रत्नाकर बसने जेद्दाला आणि तिथून विमानाने मुंबईला, असा रखडत मुंजीच्या तीन दिवस आधी नाशिकला पोचला. दारात मंजिरीने आधी त्याचे हातपाय जागेवर आहेत का ते पाहिलं. नौशाद आठवड्यापूर्वीच सुट्टीवर आला होता आणि मुंबईहून त्याने तिला फोन केला होता. वहिनी, काळजी करू नका, साहेब सुखरूप आहेत, नुसत्या तोफा मापतायत. तेव्हापासून तिला झोप नव्हती. आता सगळी हकीकत ऐकून ती आधी रडली आणि मग इतकी हसली, की सासूबाई बाहेर आल्या.

पण तिच्या एकटीच्या हसण्याने काय होणार? तोवर तोफांची गोष्ट सारी गल्ली ऐकून होती. त्यातून मुंजीच्या आदल्या दिवशी रेडिओवर लढाई थांबल्याची बातमी आली आणि मग कुणाला शंकाच उरली नाही. मंडपात बटूपेक्षा बापाभोवती गर्दी जास्त होती. माणसाने कामगिरी पुरी केली, घरी आला आणि तोफा गप्प झाल्या. रत्नाकर जो भेटेल त्याला सोयाबीनच्या पनीरबद्दल सांगत होता आणि लोक समजूतदारपणे मान हलवत होते. गुप्त गोष्ट आहे, उघड कशी बोलणार?

मुंज लागली. बापाच्या मांडीवर बसलेल्या अमोघने चकोट केलेलं डोकं वर केलं. दम्मामच्या इंग्रजी शाळेतल्या सगळ्या मित्रांना तो काय सांगणार होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"बाबा," त्याने हळूच विचारलं, "हाउ डू यू मेझर अ तोफ?"

रत्नाकरने खरं सांगायला तोंड उघडलं, पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सतरा, चार, पाच, सहा असे सगळे दोष त्याला आठवले.

"सोपं असतं," तो म्हणाला. "आधी तिचं तोंड बघायचं. आणि त्यात काय घातलं की ती गप्प बसते, ते शोधून काढायचं."