सगळ्या क्लबाला एकच काडतूस

"दोन बंदुकांना दोन तऱ्हेची काडतुसं म्हणजे एका घरात दोन चुली!" डेल रुडॉकने हॉइटच्या दुकानातल्या काउंटरवर थाप मारली. "पिस्तुलात जातं तेच काडतूस रायफलीत गेलं पाहिजे. डबा एक, पट्टा एक, डोक्याला ताप नाही."

हॅकबेरी गावात लिव्हरची, म्हणजे खालचा दांडा ओढून भरायची, रायफल घ्यायची तर आधी डेलला विचारायचं, अशी पद्धत होती. तुम्ही विचारायला विसरलात तर तो आपणहून घरी येऊन सांगत असे. गावच्या नेमबाजी क्लबात दर शनिवारी मंडळी जुन्या काउबॉय गुराख्यांसारख्या हॅटा आणि जाकिटं चढवून पिस्तुलांनी आणि रायफलींनी लोखंडी तबकड्या पाडत. पण कुणाची रायफल चव्वेचाळीस नंबरच्या काडतुसाची, तर कुणाची पंचेचाळीसची. डेलला हे बघवत नसे.

"सगळ्यांनी अडतीसची घ्या," तो सांगत सुटला. "धक्का कमी, नेम पक्का. आणि एखाद्याची काडतुसं संपली तर शेजाऱ्याच्या पट्ट्यातून घ्यावीत. क्लब म्हणजे कुटुंब आहे!"

इतक्या ठासून कुणी सांगितलं की माणसाला ते आपलंच मत असल्यासारखं वाटतं. उन्हाळा लागेपर्यंत सगळ्या क्लबाने रायफली बदलल्या. बधली नाही ती फक्त वर्ना टिडवेल. उभा जन्म शाळेची बस चालवलेल्या बाईला आरडाओरड्याचं काय कौतुक!

"वर्नाबाई, ती पंचेचाळीस म्हणजे माशी मारायला मुसळ आहे," डेल म्हणाला.

"माशी मरते ना? मग झालं तर."

शेजारच्या ड्राय फोर्क गावाशी दर शरदात सामना होई. जिंकणाऱ्याला बिडाचा एक भलामोठा तवा मिळे आणि हरणाऱ्याला जेवणातल्या चिलीची, म्हणजे तिखट मांसाच्या रश्श्याची, खरकटी पातेली घासावी लागत. हॅकबेरीकरांचे हात घासून घासून गुळगुळीत झाले होते. या वर्षी संघात डेल, हॉइट आणि वर्ना होते. डेलने भर सभेत सांगून टाकलं, "या खेपेला तवा आला नाही, तर जन्मात पुन्हा कुणाला बंदुकीचा सल्ला देणार नाही."

"परत एकदा म्हण," त्याची बायको ल्युरीन म्हणाली. "मागे बसलेल्यांना ऐकू आलं नसेल."

सामन्याच्या सकाळी, ड्राय फोर्कच्या मैदानावर, डेलने हॉइटपुढे हात पसरला. "काढ काडतुसं. माझी सगळी परवाच्या सरावात वाटली गेली."

हॉइटचा चेहरा पडला. "अरे, मी तुझ्या भरवशावर आलोय! दुकानातला शेवटचा डबा आज सकाळीच विकला."

"विकलास? कुणाला?"

हॉइटने नुसती मान वळवली. पलीकडे ड्राय फोर्कचा संघ अडतीसची चकचकीत काडतुसं रायफलीत भरत होता. वसंतात त्यांच्या जेवणावळीला जाऊन, कुणी न विचारता, त्यांनाही अडतीसचं महत्त्व डेलनेच पटवून दिलं होतं.

डेल बघ्यांमधल्या आपल्या क्लबवाल्यांकडे धावला. प्रत्येकाने मोठ्या मनाने पट्टा पुढे केला आणि प्रत्येकाचा पट्टा रिकामा निघाला. सगळ्यांचं एकाच तऱ्हेचं काडतूस, तेही पिस्तुलाला आणि रायफलीलाही. कधीच संपलं होतं. मग सोबत आणायचं कुणी? कुणाकडे तरी असणारच, कुटुंब होतं ना!

वर्ना मात्र काडतुसांनी ठासून भरलेल्या पिशवीवर बसून कॉफी पीत होती.

"वर्नाबाई..." डेलचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्याला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं. तव्याचं जाऊ द्या, पण सल्ला न देता हा माणूस जगणार कसा?

"बोल की."

"तुमचं ते... मुसळ. जरा देता का?"

"काय म्हणालास?"

"तुमची सुंदर रायफल," डेल सगळ्यांदेखत म्हणाला. "आणि पिस्तुलंही."

"घे. पिस्तुलालाही तेच काडतूस लागतं बरं का," वर्ना गोड आवाजात म्हणाली.

तिघे पाळीपाळीने त्याच बंदुकांनी खेळले. ड्राय फोर्कवाल्यांचा नेम चुकत नव्हता, पण अडतीसची हलकी गोळी लागली की त्यांच्या जाडजूड तबकड्या टण्ण करून नुसत्या डुलत. पंचेचाळीसची गोळी बसली की तबकडी मुकाट्याने आडवी होई. शेवटची तबकडी डेलने पाडली आणि तवा हॅकबेरीला आला.

पुढच्या शनिवारी डेल पुन्हा हॉइटच्या काउंटरपाशी उभा होता. "पंचेचाळीस! माझं पहिल्यापासून हेच म्हणणं आहे. गोळी वजनदारच हवी." त्याच्यामागे रायफली बदलून घेणाऱ्यांची दारापर्यंत रांग लागली होती.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला वर्नाने आपली पंचेचाळीस हॉइटपुढे ठेवली. "ही विकून टाक. मला अडतीसची दे. काडतुसं आलीत ना?"

"ढिगानं पडलीत, आता कुणी विचारत नाही. पण वर्नाबाई, जिंकून देणारी बंदूक विकता?"

"मला बंदुकीतलं काय कळतंय, हॉइट? इतकी वर्षं डेल काय घ्या म्हणतो ते नीट ऐकते आणि दुसरं घेते. दुकानात त्याचा तुटवडा कधी पडत नाही." तिने नवी रायफल खांद्याला लावून पाहिली. "म्हणून तर त्या दिवशी बंदूक दिली त्याला. तो गप्प बसला असता, तर मी कुणाला विचारून खरेदी करणार होते?"