खुशालराव, अंशतः व्यसनी

चारित्र्य डोळ्यांना दिसत नाही, ही मानवजातीची फार जुनी अडचण आहे. 'निर्व्यसनी गाव अभियाना'च्या परिपत्रक क्रमांक चौदाने ती दूर केली. माणूस तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा खातो का, हे त्याला विचारू नये (तो खोटं बोलतो), त्याच्या शेजाऱ्याला विचारू नये (तो वाढवून सांगतो). सरळ दात पाहावेत. त्यासाठी पथकाला दंतवैद्यांकडे असते तशी सोळा छटांची रंगपट्टी देण्यात आली. एक ते सहा म्हणजे निर्व्यसनी, सात ते अकरा प्रयत्नशील, पुढे व्यसनी. दिसणाऱ्या दातांपैकी सर्वांत गडद दात हाच त्या माणसाचा दात समजावा. तपासणीआधी दातांवरून जीभ फिरवणाऱ्याची नोंद संशयित म्हणून करावी, कारण निर्दोष माणसाला तशी गरज भासत नाही.

पातूरकडच्या एका गावात वांगी आणि झेंडू पिकवणारे खुशालराव हे तिथल्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. अध्यक्षच व्यसनी निघाला तर अख्खं गाव बाद, असा नियम होता. खुशालरावांनी अकरा वर्षांपूर्वी खर्रा सोडला होता, आणि तोही खरोखर. (समितीत हा प्रयोग करणारे ते एकटेच.) तेव्हा तीन महिने त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई बडीशेपेची पुडी घेऊन वाफ्यावाफ्यातून त्यांच्यामागे फिरल्या होत्या. पण दातांना सोडल्याची तारीख कळवायची राहून गेली असावी. आरशासमोर रंगपट्टी धरली तर छटा भरली तेरा.

ते अकोल्याला दंतवैद्याकडे गेले. डॉ. आकांक्षा यांनी टॉर्च मारला.

"काका, हा समोरचा दात कॅपचा आहे ना?"

"हो. सुपारीच्या खांडानं मोडला होता. बारा वर्षं झाली. डॉक्टरानं बाकीच्या दाताईशी रंग मिळवून बसवला."

"म्हणजे तुम्ही खर्रा खात होता तेव्हाचा रंग. आता ऐका. ब्लीचिंगचं औषध खऱ्या दातांवरचे डाग फोडतं. कॅप भट्टीत भाजलेली असते, तिच्यात फोडायला काही नसतं. बाकीचे दात उजळतील, ही आहे तशीच राहील."

"घर रंगवतो तं दारही रंगतेच ना, म्याडम!"

"हे दार नाही रंगत. आधी दात उजळू, रंग स्थिर व्हायला दोन आठवडे थांबू, मग त्या रंगाची नवी कॅप करू."

तपासणीला पाच दिवस होते. खुशालराव अमरावतीला गेले. तिथे कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर एका बैठकीत दात पांढरे करून मिळत. कॅप आहे का, असं कुणी विचारलं नाही. (संमतीपत्रातल्या एकोणिसाव्या कलमात विचारलं होतं. त्याखाली खुशालरावांची सही आहे.)

ते घरी परतले तेव्हा दिसणारे पंधरा दात छटा तीनचे झाले होते आणि मधोमध एक तेरावर ठाम होता. आधी जो सोळांत मिसळून गेला होता, तो आता ऑटोतूनही दिसत होता.

मनकर्णाबाईंनी त्यांना उजेडात नेऊन पाहिलं. "ना बाप्पा," त्या म्हणाल्या, "पयले बरे होते."

पथकाने नियमाबाहेर काहीही केलं नाही. सर्वांत गडद दात मोजला आणि शेरा लिहिला : 'अंशतः व्यसनी (एक दात)'. मात्र परिपत्रकात दयेची तरतूद होती. जागेवरच नवा अध्यक्ष निवडला आणि त्याची छटा योग्य भरली, तर गाव वाचतं. समितीचे सचिव जानराव पुढे आले. जानराव दिवसाला तीन खर्रे घेतात. मात्र त्यांना दोन्ही जबड्यांची कवळी आहे, आणि खर्रा चघळताना ती डागळू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवण्याची शिस्त त्यांनी कधी मोडलेली नाही. छटा एक. पथकप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. बोलले नाहीत, कारण त्यांचा गाल भरलेला होता.

गावाला 'निर्व्यसनी गाव' अशी पाटी मिळाली. खुशालरावांना सहा रविवार समुपदेशन मिळालं. समुपदेशक अर्थातच नवे अध्यक्ष.

पहिल्याच रविवारी जानरावांनी कवळी खिशात घातली आणि खर्र्याची पन्नी पुढे केली. "खुशालभाऊ, हिशेब सोपा आहे. तो एक दात पंधराईसारखा होऊन नाई राहिला, तं पंधरा त्याच्यासारखे करा. चार महिन्यांत सारे बरोबरीले येतीन."

युक्तिवादात चूक सापडेना. खुशालराव पन्नी मुठीत धरून घरी आले. मनकर्णाबाई ओट्यावर झेंडू निवडत होत्या. त्यांनी मुठीकडे पाहिलं.

"काहून जी, मी तीन महिने बडीशेप घेऊन फिरली ते यासाठी काय?"

"लोक दात पाहून हासून राहिले मले."

"हासू द्या. तुमी काय खात होते ते त्या दातावर लिवलं आहे. सोडलं नसतं तं तो येगळा दिसला असता का?"

(प्रयोगशाळेत याला तुलनेसाठी राखलेला नमुना म्हणतात. मनकर्णाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंतचं.)

खुशालरावांनी पन्नी उकिरड्यावर टाकली. दोन आठवड्यांनी, दात उजळून नवी कॅप करायला कधी येता, असं विचारायला अकोल्याहून डॉ. आकांक्षांचा फोन आला, तेव्हा त्यांनी "राहू द्या" म्हटलं. हल्ली फोटोत ते मोकळे हसतात. दप्तरी मात्र ते व्यसनीच आहेत, आणि जानरावांना जिल्ह्याचा आदर्श म्हणून गावोगाव नेणार आहेत.

दरम्यान परिपत्रक क्रमांक पंधरा निघालं आहे. अभियानाविषयी जे जे वाचतील, त्यांचीही तपासणी होईल. घाबरण्याचं कारण नाही. फक्त, हे वाचताना आपली जीभ समोरच्या दातांवरून किती वेळा फिरली, तेवढा आकडा तयार ठेवावा. आत्ता फिरली तीही धरून.