माणिककाकांचा दक्षिण ध्रुव

भर मे महिन्यात पाहुणा घरी आला की आमचे शेजारी माणिककाका आधी पंखा बंद करत. मग कूलर बंद करत, खिडकी लावत आणि पाहुण्याला साबणानं हात धुवायला पाठवत. एवढा बंदोबस्त झाला की कपाटातून एक चांदीचं नाणं बाहेर निघे. वाऱ्यानं त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून हे सगळं. औरंगाबादच्या उन्हाळ्यात पाहुणा घामानं निथळत असे आणि काका त्याला दक्षिण ध्रुवावरच्या थंडीचं वर्णन ऐकवत.

नाणं परदेशी. ध्रुवाच्या शोधात निघालेल्या दर्यावर्दींच्या स्मरणार्थ तिकडच्या सरकारनं काढलेलं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला बर्फात रुतलेलं जहाज आणि त्याला दोर लावून ओढणारी चिमुकली माणसं. काका पाटबंधारे खात्यातले. सगळी नोकरी पैठणच्या कालव्यांवर गेली. खरा समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला एका लग्नाला गेले होते तेव्हा. पण हकीकत सांगताना ते असे वाकत की दोराचं एक टोक यांच्याच हातात आहे असं वाटावं.

"पुसायचं नाय," हे त्यांचं पालुपद. इतक्या वर्षांत नाण्यावर निळसर काळी झाक चढली होती, आणि काकांचा खरा जीव त्या झाकेवर. "असा रंग विकत भेटत नाय. नाणं घासलं की मेलं." पुढं पुढं हा नियम इतर वस्तूंनाही लागू झाला. स्कूटर पुसायची नाय, चष्मा पुसायचा नाय. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा त्यांच्यादेखत टीपॉय पुसला तर काका तोंड फिरवून बसले.

त्या वर्षी शहागंजातल्या अत्तरवाल्या सलीमभाईंनी गावातल्या नाणेवेड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. दिवाळी झाली की लगेच. दारातल्या काचेच्या कपाटाचा मान काकांच्या नाण्याला मिळाला. काकांनी नवा सफारी शिवला आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना आमंत्रण दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपली एखादी वस्तू काचेमागं लागते आहे, याचंच त्यांना कोण अप्रूप.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काकू आमच्याकडं चिंच मागायला आल्या. तांब्या-ताटं घासायची असतील म्हणून आम्ही दिली. संध्याकाळी प्रसादाला गेलो तर चौरंगावर लाह्या-बत्ताशांच्या मधोमध ते नाणं, आरशासारखं लखलखीत, जहाजाच्या शिडावर हळदीकुंकू.

काकू खुशीत होत्या. "हे पुसायचं नाय म्हणतात, पण काळी लक्ष्मी कुणी पूजेला ठेवतं का? बघा, आता कशी हसायली."

काका हातात काडेपेटी धरून नुसते उभे होते. आता स्फोट होणार असं मला वाटलं. त्यांनी कापूर पेटवला आणि आरती म्हटली, नेहमीपेक्षा हळू.

पाडव्यानंतर सलीमभाई नाणं न्यायला आले. मी तिथंच होतो. त्यांनी भिंग लावलं आणि कपाळाला हात लावला. "माणिकराव, ये किसने घिसा?"

काकू चहा घेऊन दारातच थबकल्या. काहीतरी भयंकर झालंय हे त्यांना त्या आवाजावरून कळलं. "अहो, ते तर मी..."

"तू चहा ठेव, निवायलाय," काका म्हणाले. मग सलीमभाईंकडं वळले. "मीच घासलं. चिंच लावून. लई काळं दिसायलं व्हतं."

"आपने? सारी दुनिया को मना करनेवाले आपने?"

"व्हय. बुद्धी फिरली."

सलीमभाई नाणं न घेता, चहाही न पिता गेले. उद्या शहागंजात काय हशा पिकणार हे काकांना ठाऊक होतं आणि मलाही. मला काकांविषयी एकदम माया दाटून आली.

"लई बिघडवलं का हो मी?" काकूंनी विचारलं.

"काय बिघडायलंय? ये, बस इथं." काकांनी नाणं त्यांच्या हातावर ठेवलं आणि हकीकत सुरू केली. ते जहाज, तो बर्फ, ते दोर. अख्ख्या गल्लीला पाठ झालेली ती गोष्ट काकू आज पहिल्यांदाच ऐकत होत्या. आजवर आल्यागेल्याला काका गोष्ट सांगत, तेव्हा काकू आत चहा करत असत.

काकूंनी नाणं डोळ्यांजवळ नेलं. "मग ही लेकरं घरी पोचली का?"

"पोचली," काका म्हणाले. "सगळीच्या सगळी पोचली."