कंधारला पाठवलेला दंवाचा थेंब

आमच्या लातुरात पोरं दोनच गोष्टी वाचतात. एक प्रश्न, आणि दुसरे त्याखालचे चार पर्याय. अशा गावात मी मराठी शिकवतो! शिकवणी वर्गात माझा तास फिजिक्सच्या दोन तासांच्या मधे ठेवलाय, पोरांना डबा खायला वेळ मिळावा म्हणून.

तेव्हा मी ठरवलं, वाचन कशाशी खातात ते या गावाला दाखवूनच द्यायचं. पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग होता, 'अभिजात जपानी साहित्य: वाचन, चर्चा आणि निबंध'. मी फी भरून टाकली. आमची उज्वला एवढंच म्हणाली, "मराठी वाचून संपली काय?" असल्या बोलण्याकडे विद्वान माणसानं लक्ष देऊ नये.

काय ते साहित्य! हजार वर्षांपूर्वी त्यांच्या दरबारात कुणी सरळ बोलायचंच नाही. मनातलं सांगायचं तर मोजक्या ओळींत, तेही दंव, धुकं असलं काहीतरी पुढे करून. पत्र धाडायचं तर त्या ऋतूतल्या फांदीला बांधून. आणि वस्तू अगदी धडधाकट असली तर ती गावंढळ. थोडी फाटकी-तुटकी असली की सुंदर. बाई हे असं समजावून सांगायच्या की मला माझ्या जुन्या सदऱ्याचासुद्धा अभिमान वाटू लागला.

माझं बोलणं लगेच सुधारलं. आमटी अळणी झाली तेव्हा मी ओरडलो नाही. खिडकीबाहेर बघत म्हणालो, "आज समुद्र फार दूर आहे." उज्वलानं मिठाची बरणी माझ्या ताटात उपडी केली.

इतपत ठीक होतं. पण त्याच सुमारास आमच्या राजकन्येला कंधारचं स्थळ आलं. मुलगा शिवशंकर, तिकडंच बँकेत. वडील शेषेराव, आई केवळाबाई, घरची शेती, माणसं साधी. बघायला आले आणि जाताना 'आम्हाला पोरगी पसंत हाय, तुमचं कळवा' असं सांगून गेले. याआधीच्या प्रत्येक मुलाला नाक मुरडणारी आमची लेक त्या दिवशी उगीचच गॅलरीत उभी राहून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. म्हणजे फक्त 'हो' कळवायचं बाकी होतं. उज्वलानं फोन हातात घेतलाच होता.

मी म्हटलं, थांब. लेकीच्या आयुष्यातला एवढा मोठा होकार आणि तो फोनवर? ते माझ्याकडे सोपव.

मी हातकागद आणला, पांढराशुभ्र. कोपरे फारच व्यवस्थित होते, म्हणून एक कोपरा हळूच फाडला. त्यावर अक्षरं मोजून लिहिलं:

दंवाचा थेंब
पहाटे निसटला.
अंगण रितं.

खाली फक्त 'राजकन्येचा बाप'. लेक सासरी जाणार, आमचं अंगण ओस पडणार, म्हणजेच होकार! याहून स्पष्ट ते काय लिहायचं? ऋतू चैत्राचा. जपान्यांची चेरी असेल, आमचा कडुलिंब काय कमी आहे? लिंबाच्या डहाळीला पत्र बांधलं आणि सकाळच्या कंधारच्या गाडीतून ओळखीच्या माणसाबरोबर धाडून दिलं.

दुपारी शेषेरावांचा फोन आला. आवाज घोगरा. "पत्र मिळालं," म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. मी हरखलो. कंधारसारख्या ठिकाणी एवढा रसिक माणूस! मीही जपानी संयम राखला. "जे व्हायचं ते ठरलेलंच असतं. आता तुम्ही या," असं म्हणून फोन ठेवला.

मी रेशमी कुर्ता घातला, पेढे आणले. उज्वलाला म्हटलं, व्याही येताहेत, राजकन्येला तयार व्हायला सांग.

जीप आली ती माणसांनी खच्चून भरलेली. केवळाबाई फाटकाशीच बसल्या आणि त्यांनी असा हेल काढला की शेजारपाजारची दारं उघडली. मागून दोन बायका फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचा डबा घेऊन उतरल्या. शेषेरावांनी माझ्या गळ्यात पडून हुंदका दिला. तीन ओळींचा हा परिणाम! मीही गहिवरलो आणि त्यांच्या तोंडात पेढा घातला.

त्यांनी तो थुंकला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मला धक्क्यानं वेडच लागलंय.

तेवढ्यात आमची राजकन्या नवी साडी नेसून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

केवळाबाईंचा हेल मधेच तुटला. शिवशंकर रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत पायरीवर मटकन बसला. मग मला हळूहळू उमगलं. कोपरा फाटलेलं पत्र आपल्याकडे कशाचं असतं, मयताच्या घरी लिंबाचा पाला कशाला लागतो आणि पिठलं-भाकरीचा कडू घास सोयरे कधी घेऊन येतात, हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त गेले काही महिने मी जपानात होतो.

शेषेराव कडाडले. "जित्या लेकीचं मयत कळवतो, असा कसा बाप तू?" मग जीपकडे वळून म्हणाले, "चला रे. आपल्याला ही सोयरीक न्हाई करायची."

राजकन्येच्या हातातला तांब्या कलला. ती माझ्याकडे बघत होती आणि मी पेढ्यांचा पुडा हळूच मागं ठेवला.

उज्वला पुढे झाली. डोक्यावर पदर घेतला आणि केवळाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. "ईनबाई, परवा पोरीच्या डोस्क्याला कावळा शिवला," ती म्हणाली.

केवळाबाईंनी छातीला हात लावला. कावळा शिवला म्हणजे जिवावरचं संकट. मग जवळच्या सोयऱ्यांना खोटी खबर धाडायची, ते मनापासून रडले की गंडांतर टळतं.

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगून रडल्यावर उपेग होतो का? अन् जवळचं म्हणून दुसऱ्या कुणाला कळवायचं आम्ही?"

झालं! केवळाबाईंनी राजकन्येला ओढून कुशीत घेतलं. आम्ही रडलो म्हणून पोर वाचली, हे त्या जमलेल्या शेजाऱ्यांना अभिमानानं सांगू लागल्या. शिवशंकर सगळ्यात जास्त रडला होता, त्यामुळे त्याचा भाव वधारला. राजकन्येनं तांब्या सगळ्यांत आधी त्याच्यापुढे धरला. मागं ठेवलेला पेढ्यांचा पुडा फिरला, पिठलं-भाकरी मात्र केवळाबाईंनी गाईला घालायला लावली. साखरपुड्याची तारीख तिथंच निघाली.

कावळ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पुण्याच्या बाईंचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. रात्री उज्वलाला विचारलं, कावळा खरंच शिवला होता का? तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "आज समुद्र फार दूर आहे."

एका माणसाला मात्र माझी कदर होती. निघताना शेषेरावांनी मला बाजूला घेतलं. "पावणं, पर लिवलं लई भारी व्हतं. वाचलं अन् हातपायच गळाले."

माझं लिखाण वाचून माणूस रडल्याची ही पहिलीच वेळ. शिकवणीत पोरं फक्त जांभया देतात. मी त्या वाक्यावर पुढचे कित्येक दिवस काढले, निबंधही लिहायला घेतला.

परवा शेषेरावांचा पुन्हा फोन आला. त्यांच्या चुलत्यांना दवाखान्यात ठेवलंय. "म्हातारा अजून हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पर तेराव्याच्या पत्रिकेचा मजकूर तेवढा करून ठेवा. अन् त्यो दंवाचा थेंब घालायला इसरू नका."