शिंपिणीची दुलई परत आली

बसा, मुलांनो. हातातलं यंत्र खाली ठेवा. खिशात नाही, खाली.

एका जंगलात एक शिंपीण राहत होती. शिंपीण म्हणजे चोचीने पानं शिवणारा तो चिमुकला पक्षी. तुम्ही पाहिला नसेल. तुम्ही दिवसभर काय पाहता ते मला ठाऊक आहे.

ही शिंपीण पळसाची पानं जोडून, आत सावरीचा कापूस भरून पिल्लांसाठी दुलया शिवायची. आजूबाजूचे पक्षी तिच्या झाडावर यायचे, दुलई उलटीसुलटी करून बघायचे, थोडी घासाघीस करायचे आणि बोरं देऊन घेऊन जायचे. त्या जंगलात सगळा व्यवहार बोरांवर चालायचा. बाई खाऊनपिऊन सुखी होती. अशा बाईची गोष्ट होत नाही.

मग कोल्ह्याने जंगलात 'घरपोच बाजार' काढला.

तो शिंपिणीला म्हणाला की, चार शेजाऱ्यांना विकून तुझी प्रगती कशी होणार? आता सगळं जंगल तुझं गिऱ्हाईक. तू फक्त शिवायचं. माल माझी वानरं पोचवतील. शिंपिणीला प्रगती हा शब्द आवडला. तो सगळ्यांनाच आवडतो, कारण त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

करार लांबलचक होता. त्यात लिहिलं होतं की, गिऱ्हाइकाला परस्पर भेटायचं नाही. माल नेण्याचं भाडं शिंपिणीचं, आणि काही कारणाने तो परत आला तर परत आणण्याचं भाडंही शिंपिणीचं. तिने तो न वाचता पाय उमटवला. तिला हसू नका. तुमचे वडीलही असंच करतात.

पहिली ऑर्डर आली ती नाल्यापलीकडच्या बेहड्याच्या झाडावरून. धनेशिणीची.

आता धनेशीण म्हणजे कोण, हे नीट ऐका. अंडी घालायची वेळ आली की ती झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नवरा दिवसभर हेलपाटे घालून त्या फटीतून उंबरं भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत बाई बाहेर पडत नाही. अख्ख्या जंगलात घरी हमखास सापडेल असं हे एकच गिऱ्हाईक होतं.

शिंपिणीने जीव ओतून दुलई शिवली. साठवलेला सगळा कापूस त्यात घातला. पार्सल आधी टेकडीमागच्या कोल्ह्याच्या गोदामात गेलं. तिथे त्याच्यावर शिक्का बसला. मग ते वानराच्या पाठीवर बसून नाल्याकडे परत निघालं. शिंपिणीच्या झाडावरून बेहडा समोर दिसत होता.

बऱ्याच दिवसांनी पार्सल परत आलं. वेष्टन फाटलेलं, पानं वाळून कडकडीत झालेली, कापसात मुंग्या. वर शेरा होता : 'ग्राहक घरी नाही.'

शिंपीण आधी हसली. मग तिने जाण्यायेण्याचं भाडं पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. खाली आणखी एक ओळ होती. पुन्हा पार्सल परत आलं तर दुकान बंद.

ती तडक तक्रार खिडकीवर गेली. तिथे पोपट बसला होता. तुमची तक्रार आमच्यासाठी फार मोलाची आहे, असं त्याने तिला अनेकदा सांगितलं. ती काय आहे, हे मात्र विचारलं नाही.

शेवटी शिंपीणच म्हणाली, "पोपटराव, धनेशीण घरी नाही असं कसं होईल? तिने स्वतःला लिंपून घेतलंय."

"त्याचा पुरावा?"

"पुरावा ढोलीला आहे. जाऊन बघा."

पोपटाने मान वाकडी केली. "ताई, आमच्याकडे कारणं ठरलेली आहेत. घरी नाही, घर सापडलं नाही, घ्यायला नकार दिला. लिंपून घेतलंय असं कारण नाही. तुम्ही पुन्हा पाठवा."

तुम्हाला वाटेल, तिने भांडायला हवं होतं. मलाही तसंच वाटतं. पण पोपटाशी भांडून दमलेले लोक मी पाहिलेत. पोपट दमत नाही.

दुसऱ्या दुलईला कापूस उरला नव्हता. हंगाम संपला होता. शिंपिणीने आपल्या घरट्याचं अस्तर उसवलं आणि तो कापूस भरला. या वेळी पार्सल गोदामातून निघालं तेव्हा ती गुपचूप मागोमाग उडाली.

वानर नाल्यापर्यंत आला. जांभळीखाली त्याने पार्सल टेकवलं, अंग खाजवलं आणि बेहड्याकडे न बघता शेरा लिहिला. शिंपीण त्याच्या समोरच्या फांदीवर उतरली आणि शांतपणे म्हणाली, की गिऱ्हाईक त्या तिथे आहे.

"मला काय दिसत न्हाई व्हय?" वानर म्हणाला. "पन ताई, त्यो बेहडा केवढा उंच. वर चढलं की तिचा नवरा टोचतोय. एवढं करून पोचवलं तर एका खेपेची बोरं. आन् म्हागारी नेलं तर दोन खेपांची. मलाबी पोरं हायेत."

शिंपिणीला राग आला, पण तिनेही मनात बेरीज करून पाहिली. त्याचा हिशेब बरोबर होता. एवढं सांगून वानर जांभळीला टेकून घोरायला लागला.

तेव्हा शिंपिणीने करार मोडला. वेष्टनाची शिवण तिचीच होती. तिने ती उसवली, दुलई बाहेर ओढली आणि वेष्टन पुन्हा शिवून टाकलं. मग दुलई चोचीत धरून ती धडपडत नाल्यापलीकडे गेली आणि फटीतून आत सारली.

आतून धनेशीण म्हणाली, "किती उशीर गं. पिल्लं काकडली माझी. मला वाटलं, तूच जास्त बोरंवाल्या गिऱ्हाइकांकडे गेलीस."

शिंपिणीला तिथेच रडू आलं. इतके दिवस धनेशीण तिलाच नावं ठेवत होती.

इकडे वानराने रिकामं वेष्टन इमानेइतबारे गोदामात परत नेलं. उघडलं तर आत काहीच नाही. शिंपिणीला बोलावणं आलं. तिने सगळं खरं सांगितलं. पोपट म्हणाला की, गिऱ्हाइकाची परस्पर भेट, शिवाय दुसऱ्यांदा परत आलेलं पार्सल, म्हणजे दुकान बंद. शिंपिणीने मान खाली घातली.

कोल्ह्याने पंजा वर केला. तो विचार करत होता.

"नाल्यापर्यंत जाण्याचं भाडं लागलं?" त्याने पोपटाला विचारलं.

"लागलं, साहेब."

"परतीचं?"

"तेही लागलं."

"माल वाळला? मुंग्या लागल्या?"

"आत मालच नव्हता, साहेब."

"वानराची पाठ दुखली?"

"नाही. हलकं होतं."

कोल्ह्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण उगाच आत माल घालायला लावत होतो, असं तो म्हणाला. त्याने शिंपिणीला जवळ बसवलं, तिची चूक एकवार माफ केली, पार्सल परत आलं तर दुकान बंद हा नियम खोडला, आणि सगळ्या दुकानदारांनी तिचा आदर्श घ्यावा असा हुकूम काढला. पुन्हा स्वतः पोचवायला गेलीस तर मात्र खैर नाही, हेही प्रेमाने सांगितलं.

अशा रीतीने शिंपिणीचं दुकान वाचलं.

आता धनेशिणीच्या ओळखीतल्या साऱ्याजणी दुलया मागवतात. रिकामी पार्सलं नीट शिवून निघतात आणि तशीच नीट परत येतात. शिंपीण दिवसभर डोक्याएवढी बोरं उचलून आणते आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंचं भाडं भरते. दुलई शिवायला तिला वेळ होत नाही. परवा तिने स्वतःची अंडी घातली. उघड्या पानावर.

मागून कुणीतरी विचारतंय, मग ती हे दुकान बंद का करत नाही. बाळा, असं कसं करेल? तिच्या दुकानाला कोल्ह्याने पाच चांदण्या दिल्यात.

तात्पर्य : स्वतःच्या पंखांवर कधी विसंबू नये, करारात त्याला मनाई असते. आणि माल शक्यतो बनवूच नये. धंद्यात नुकसान होतं ते मालामुळेच.