नावेतलं डोहाळजेवण, तिसरा मजला

कर्वेनगरात स्वतःचा स्टुडिओ असलेला निवृत्त माणूस मी एकटाच असेन. लोकांच्या घरात देवघर असतं, अभ्यासाची खोली असते, आमच्याकडे स्टुडिओ आहे. बायको त्याला मधली खोली म्हणते आणि तांदळाचं पिंप अजूनही तिथेच ठेवते, पण त्याने स्टुडिओचा दर्जा काही कमी होत नाही.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर मी चॅनेल काढलं. घरबसल्या व्हिडिओ करणाऱ्यांनी माइक कोणता घ्यावा, दिवा कुठे लावावा, ट्रायपॉड डुगडुगत असेल तर त्याच्या पायाखाली काय घालावं, याचं मार्गदर्शन मी त्यावर करतो. चॅनेलचे सदस्य म्हणजे आमचे नातेवाईक आणि ज्यांचं बटण चुकून दाबलं गेलं ते. तरीही, पुण्यात कुणाला तांत्रिक अडचण आली तर माणूस आधी माझ्याकडे येणार, अशी माझी खात्री होती. अजून कुणी आलं नव्हतं, एवढंच.

अशात आमच्या कादंबरीचं डोहाळजेवण ठरलं. कादंबरी आमची एकुलती एक मुलगी. जावई, राजस, नोकरीसाठी जर्मनीत. तो गेला तेव्हा कादंबरीला जेमतेम तिसरा महिना होता. नोकरी नवी, त्यामुळे मिळेल ती रजा त्याने बाळंतपणासाठी राखून ठेवलेली. डोहाळजेवणाला येणं शक्यच नव्हतं. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण आमची कन्या हट्टी. ती फक्त चेहरा दाखवायची. पोट बघायचं असेल तर डोहाळजेवणाला, मी नटल्यावर, असं तिने त्याला बजावून ठेवलं होतं. बिचारा महिनोन् महिने त्या एका दिवसाची वाट बघत होता.

त्यात कादंबरीला डोहाळे लागले ते नावेतल्या डोहाळजेवणाचे. पूर्वी हौशी लोक बागेत करायचे, चांदण्यात करायचे, नावेत करायचे, तसं. डॉक्टरीणबाईंनी एका शब्दात निकाल लावला, "नाव? या महिन्यात?" हे तीन शब्द झाले, पण त्यांचा चेहरा बघता एकच पुरे होता. कादंबरी हिरमुसली. मग मी पुढे झालो आणि म्हणालो, "नाव मी घरात आणतो."

विहीणबाई, म्हणजे राजसच्या आई सुहासिनीताई, शनिवार पेठेतल्या. त्यांच्या ओळखीचा एक फोटोवाला होता, त्याला बोलवावं असं त्या सुचवत होत्या. घरचा स्टुडिओ असताना बाहेरचा माणूस कशाला, असं मी त्यांना जरा ठसक्यातच विचारलं. त्या म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणताय तर." पेठेतल्या माणसाचं 'बरं' ऐकलं की शहाण्याने बेत बदलावा. मी नाही बदलला.

माझा बेत साधा होता. मागे पडदा लावायचा, पुढे कॅमेरा ठेवायचा. पडद्याचा जो रंग असेल, तो रंग कॅमेऱ्याला जिथे जिथे दिसेल तिथे तिथे संगणक आपण सांगू ते चित्र चिकटवतो. म्हणजे पडद्याच्या जागी तलाव दाखवायचा, पुढे नावेचा पुठ्ठ्याचा कठडा लावायचा, त्याच्या आत खुर्चीवर कादंबरी. बघणाऱ्याला वाटणार पोरगी पानशेतच्या पाण्यात बसली आहे. मी झकास पडदा आणला, भिंतभर. हिरवागार.

तुमच्यातल्या बायका आत्ताच हसायला लागल्या असतील. त्यांना विनंती आहे, जरा दम धरा.

आदल्या दिवशी मी रंगीत तालीम घेतली. समोरच्या फ्लॅटमधल्या सर्जेरावांना पांढऱ्या शर्टात खुर्चीवर बसवलं आणि टीव्हीवर चित्र लावलं. पाणी असं काही हलत होतं की सर्जेरावांनी नकळत खुर्चीचे हात घट्ट धरले. पोहता येत नाही म्हणाले. बायको, वैजयंती, कणीक मळता मळता बाहेर आली, पडद्याकडे बघून म्हणाली, "रंग छान आहे हो. साडीला अगदी शोभेल." लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिने माझ्या खरेदीला चांगलं म्हटलं होतं. मी त्या आनंदातच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. गजरे, अत्तर, तळणीचा वास, ओटीचं सामान. पुरुष म्हणून मी आणि सर्जेराव दोघेच. मी संगणकावर, आणि सर्जेराव पडद्याच्या मागे, पडद्याचा खांब धरून. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून वैजयंतीने वड्यांची बशी दिली होती. माझी मांडणी पाहण्यासारखी होती. दोन मोठे दिवे, एक गोल दिवा, कॅमेरा, तीन पायांचा ट्रायपॉड, कादंबरीसाठी पदराला लावायचा छोटा माइक, आणि या सगळ्या वायरी एकाच बोर्डात नीट खोचलेल्या. सगळ्या बायकांचे मोबाइल मी टोपलीत जमा करून घेतले. शूटिंगच्या वेळी फोन वाजलेला मला चालत नाही.

राजसची जेवणाची सुट्टी आणि आमचा मुहूर्त एकाच वेळी जमवला होता. सुट्टी संपली की त्याची मीटिंग होती, त्यामुळे जे काय ते एवढ्यातच. कॉल लागला. त्याने ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर लावला होता आणि मागे चार-पाच जर्मन सहकारी डबे घेऊन बसले होते. मी नाव दाखवली. जर्मनांनी टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात चॅनेलचं नाव इंग्रजीत करायचं ठरवलं.

मग कादंबरी आली.

हिरवी साडी, हिरवा चुडा, अंगभर फुलांचे दागिने. काय सांगू, पोरगी इतकी गोड दिसत होती की मी क्षणभर संगणक विसरलो. ती हळूच नावेत जाऊन बसली. आणि पलीकडून राजसचा आवाज आला, "बाबा, कादंबरी कुठंय?"

मी टीव्हीकडे पाहिलं. तलाव होता. नाव होती. नावेच्या वर हवेत कादंबरीचं डोकं तरंगत होतं, त्याच्या खाली फुलांचा हार अधांतरी लटकत होता आणि दोन्ही बाजूंना मनगटापासून तुटलेले दोन पंजे हलत होते. मधे जिथे माझं नातवंड असायला हवं होतं, तिथून एक बदक पोहत गेलं.

एक जर्मन बाई तोंडावर हात ठेवून उठून उभ्या राहिल्या.

डोहाळजेवणाला साडी हिरवी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात पडदा हे तांत्रिक खातं होतं आणि साडी हे बायकांचं. ही दोन खाती एकमेकांना भेटतील असं मला वाटलं नव्हतं. मी संगणकावर रंग थोडा कमी-जास्त करून पाहिला. हिरवी छटा थोडी जरी वेगळी निघाली, तरी साडी सुटून येते. पण साडी काही येईना. दोन हिरवे इतके एक कसे असू शकतात, असं मी पुटपुटलो, तर वैजयंती अभिमानाने म्हणाली की असणारच, मी आणि सुहासिनीताई लक्ष्मी रोडला गेलो होतो ना. तुमच्या पडद्याचा कडेचा तुकडा कापून नेला होता. दुकानदाराकडून अख्खं दुकान उलगडून घेतलं, तेव्हा कुठे हा रंग मिळाला. ब्लाउज आणि बांगड्याही त्याच तुकड्याला लावून घेतल्या.

जगात दुसऱ्या कुठल्याही देशात हा घोटाळा झाला नसता. मॅचिंगसाठी चिंधी घेऊन फिरणाऱ्या बायका आणि आपण आणलेल्या पडद्याचं कौतुक ऐकून फुगणारा नवरा, दोन्ही एका घरात लागतात.

"साडी बदलता येईल का?" मी अगदी हळू विचारलं.

सुहासिनीताईंनी चष्मा वर केला. "साडी बदलायची? डोहाळजेवणाला? मी नेसवलेली?" त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यापेक्षा सून बदलू का? तिचा रंग चालेल तुम्हाला?"

मी साडीचा विषय सोडला. पलीकडे राजस घड्याळ बघत होता. हसत होता, पण ते हसू चेहऱ्याला चिकटवल्यासारखं. मला फार वाईट वाटलं. इतके महिने थांबलेल्या पोराला मी बदक दाखवलं होतं.

मग मला युक्ती सुचली. साडी बदलता येत नाही, तर पडदा बदलू. वैजयंतीकडे निळी चादर होती, डबल बेडची. सर्जेरावांनी वडा तोंडात धरून ती हिरव्या पडद्यावर पिनांनी अडकवली, मी संगणकाला हिरव्याऐवजी निळा सांगितला, आणि कादंबरी आली! सगळी आली. कमरेवर हात ठेवून, जरा चिडलेली, पण आली. राजस "अगं..." एवढंच म्हणाला आणि खुर्चीत पुढे सरकला. कादंबरी बसलेली असल्यामुळे पोट नावेच्या कठड्याआड होतं. मी म्हटलं, ओटी भरून होऊ दे, मग उभी राहा.

ओटी भरायला सुहासिनीताई पुढे आल्या. ठेवणीतली पैठणी नेसून. निळी.

टीव्हीवर एक चष्मा लावलेलं डोकं आलं आणि माझ्या मुलीच्या डोक्याशेजारी येऊन थांबलं. मग पाण्यातून एक हात निघाला आणि त्याने तिला कुंकू लावलं. आणखी एक हात निघाला, त्यात नारळ. ऑफिसात राजसचा आवाज चिरकला, "आई!" जर्मन मंडळींनी मात्र या वेळी जोरदार टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम आहे.

सुहासिनीताईंनी टाळ्या ऐकून टीव्हीकडे मान वळवली. टीव्हीतल्या डोक्यानेही मान वळवली. बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"व्याह्यांच्या घरी आपली किंमत किती, हे कळतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "इतकं स्पष्ट दिसत नाही."

मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाने वायरींच्या जवळ जाऊ नये, हे मी माझ्याच चॅनेलवर सांगितलेलं आहे. चादर थोडी सरकवून विहीणबाई निदान खांद्यापर्यंत तरी वाचतात का, ते बघायला मी धावलो. पाय वायरीत अडकला. गोल दिवा माझ्याबरोबर निघाला. त्याने मोठ्या दिव्याला धरलं, मोठ्या दिव्याने कॅमेऱ्याला, आणि अख्खा बोर्ड भिंतीतून उपटून आला. इंटरनेटची डबी बंद पडली. टीव्ही काळा झाला. मी आधारासाठी चादर पकडली, तर चादर, पडदा, खांब असं सगळं सावकाश खाली आलं आणि मागे सर्जेराव दिसले. रिकामी बशी हातात, तोंडात वडा, आणि समोर खोलीभर सवाष्णी. त्यांनी बशी खाली ठेवून सगळ्यांना नमस्कार केला.

कुणी हसलं नाही. कारण कादंबरी रडायला लागली होती. "त्याची सुट्टी संपत आली असेल," एवढंच पुटपुटली आणि फुलांच्या बाजूबंदानेच डोळे पुसायला लागली. त्या क्षणी कुणी मला स्टुडिओसकट जुन्या बाजारात नेऊन विकलं असतं, तर मी पिशवीसुद्धा मागितली नसती.

सुहासिनीताईंनी कमरेचा बटवा उघडला. त्यातून मोबाइल काढला. जुना, कोपऱ्यात काच तडकलेली. माझ्या टोपलीत त्यांनी तो टाकलाच नव्हता. त्यांनी चष्मा सावरत दोन ठिकाणी बोट लावलं आणि फोन कानाला न लावता समोर धरला. "राजस. हं, मी. अख्खी आहे. घाई करू नकोस, दाखवते." मग सुनेला म्हणाल्या, "ऊठ गं बाळा. त्या पुठ्ठ्यातून बाहेर ये. बाजूला वळून उभी राहा."

पण सुनेला पाठीला हात देऊन उठवायचं होतं, पदर नीट करायचा होता, आणि फोन धरायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फोनचा मागचा कॅमेरा चालू केला आणि वायरीतून सुटून उभ्या असलेल्या माझ्या हातात तो दिला.

"हा धरा. आणि कशालाही हात लावू नका."

मी धरला. चेहऱ्यासमोर, दोन्ही हातांनी. मागे पडदा नव्हता. आमची साधी भिंत होती, कॅलेंडर होतं, पिंपाच्या झाकणावर वाळत घातलेलं फडकं होतं, आणि त्याच्यापुढे माझी लेक पोटावर हात ठेवून बाजूला वळून उभी राहिली. बायकांनी गाणं सुरू केलं. सगळे तिच्याकडे बघत होते. मला मात्र ती दिसत नव्हती, कारण माझ्या डोळ्यांसमोर फोन होता, आणि फोनमध्ये राजस होता.

मागे जर्मन मंडळी डबे बंद करत होती, कुणीतरी दारातून त्याला मीटिंगची खूण केली, त्याचं लक्षच नव्हतं. नुसता बघत होता. मग त्याने चष्मा काढला, शर्टाच्या बाहीने पुसला, परत लावला, आणि परत काढला.

"अहो, नीट धरा ना," सुहासिनीताई म्हणाल्या. "हात कशाला हलतोय एवढा?"

"ट्रायपॉड जुना आहे," मी म्हणालो.